नववं गाणं

तानिया मोरे स्टेजवर आली की लंडनच्या सालसा क्लबांतली माणसं हातातले ग्लास खाली ठेवतात, असं तिच्या रेकॉर्ड कंपनीनं छापलेल्या पत्रकात होतं. असल्या पत्रकांवर फारसा विश्वास ठेवू नये, पण एवढी गोष्ट खरी होती. तिचा आवाज खालच्या पट्टीत भरदार, वरच्या पट्टीत जरा खरखरीत, आणि ती गाताना नाचायची नाही, नुसती उभी राहायची. नाचायचं काम बाकीच्यांचं.

तिच्या आईला ठाऊक असलेलं नाव मात्र तनुजा मुरलीधर मोरे, घरात तनू, मुक्काम वॉटफर्ड. तनूचं तानिया करायला कंपनीला एक कॉफी पुरली. आडनावाला तर हातही लावावा लागला नाही. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ मारली, की साताऱ्याचे मोरे एकदम हवानाचे होतात. हे साताऱ्याला कळलं असतं तर भावकीत काय गोंधळ उडाला असता कोण जाणे.

स्पॅनिश ती कॉलेजात शिकली होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडभर सालसाच्या क्लासचं खूळ पसरलं, त्यात मैत्रिणीबरोबर गेली आणि नाचायच्या ऐवजी गाऊ लागली. तिथंच एव्हेलिओनं तिला ऐकलं. हा क्यूबातल्या सांतियागोचा पियानोवाला, साठीचा, दिवसा किलबर्नमध्ये मिनीकॅब चालवायचा आणि रात्री स्वतःचा बँड. त्याची बायको मेर्सेदेस, सगळे तिला मेचे म्हणत. तनू सरावाला गेली की मेचे तिला आधी जेवायला वाढायची आणि मग गाऊ द्यायची. उपाशी माणसाचा सूर लागत नाही, असं तिचं पक्कं मत होतं.

सगळं ठीक चाललं होतं, पण तनूचं एक बिंग होतं, आणि ते तिनं फार जपून झाकलं होतं.

सालसाच्या गाण्याचे दोन भाग असतात. पहिला भाग लिहिलेला, ठरलेला. दुसऱ्या भागात मागचे गायक एकच ओळ धरून ती पुन्हापुन्हा म्हणतात, आणि दोन वेळांच्या मधल्या फटीत मुख्य गायकानं जागच्या जागी रचून एकेक ओळ टाकायची. समोर कोण आहे, काय घडतंय, मनात काय आलं, ते तिथल्या तिथं. आपल्याकडे शाहीर सवालाला जवाब देतात, तसलंच काम. ज्याला हे येतं तो गायक, बाकीचे नुसते आवाज, असं एव्हेलिओ म्हणायचा.

तनूला हे येत नव्हतं. तिचं स्पॅनिश परीक्षेचं, त्यात मनात येईल ते पटकन बसायचं नाही. म्हणून ती घरी बसून ओळी लिहायची, पाठ करायची, आणि आत्ताच सुचल्यासारखा चेहरा करण्याचासुद्धा आरशासमोर सराव करायची. लोक टाळ्या वाजवायचे. एव्हेलिओ पियानोवरून मान डोलवायचा. तनूला त्या मान डोलावण्याची लाज वाटायची, पण ती लाज अजून लहान होती, खिशात मावण्यासारखी.

मग दोन हजार एकच्या हिवाळ्यात कॅमडनच्या एका क्लबात पाहुणा म्हणून एक ट्रंपेटवाला आला. गडी रंगात आला आणि थांबेचना. एव्हेलिओनं गाणं लांबवलं, पुन्हा लांबवलं. तनूच्या पाठ केलेल्या ओळी संपल्या. मागच्यांची ओळ फिरून आली, तिची फट रिकामी गेली. पुन्हा आली. एव्हेलिओनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. तनूच्या डोळ्यांपुढं अंधार झाला, आणि त्या अंधारातून तिच्या तोंडून खणखणीत आवाजात बाहेर पडलं:

"अगं तनू, भात करपली!"

हे कुठून आलं ते सांगायला हवं. तनूचे वडील मुरलीधर वॉटफर्डच्या छापखान्यात रात्रपाळीला जायचे. आई मधुमती प्राथमिक शाळेत डिनर लेडी, दिवसभर परक्या पोरांना वाढून दमून यायची आणि वर जाऊन जरा पाठ टेकायची. खाली गॅसवर भात, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम तनूचं. तनू कानाला हेडफोन लावून हातातल्या कंगव्यात गाणी म्हणायची. वास वरपर्यंत गेला की जिन्यातून आईची आरोळी यायची: "अगं तनू, भात करपला! गॅस बंद कर! लक्ष कुठंय तुझं?" आईनं हाक मारली की मुलांनी "ओ" द्यावी, एवढी साधी रीत. तनूनं कधी ओ दिली नाही. ऐकूच यायचं नाही. आणि वडील करपलेला भात खाऊन कामावर जायचे.

तर शब्द आईचे. "करपला"चं "करपली" झालं, ती चूक मात्र तनूची स्वतःची. इंग्लंडात जन्मलेल्या मुलांना मराठीत तो, ती, ते म्हणजे डोक्याला ताप. तनू त्यातून कधीच सुटली नव्हती.

गंमत अशी, की आईची ती आरोळी सालसात वाजवतात त्या लाकडाच्या दोन दांड्यांच्या ठेक्यावर अशी चपखल बसली, की जणू सांतियागोतच बांधली होती. "गॅस बंद कर!" तनूनं पुढच्या फटीत टाकलं. मग "लक्ष कुठंय तुझं?" मागच्या गायकांनी ते उचललं, "लाक्ष कुते, लाक्ष कुते" करत धरून बसले, आणि क्लब वेडा झाला. माणसं टेबलांवर चढली.

गाणं संपल्यावर एव्हेलिओ तिच्याजवळ आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे काय होतं?" त्यानं विचारलं. "कोणती भाषा? कोणाला हाक मारलीस?"

तेव्हा खरं सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण त्याचे डोळे बघून तनूची जीभ अडली. ज्या माणसानं आजवर तिच्या पाठांतराला मान डोलावली, त्याला आता "भात" म्हणून सांगायचं?

"माझ्या आजीची प्रार्थना," ती म्हणाली.

"आगान तानू," एव्हेलिओ हळूच म्हणाला. क्यूबातल्या जुन्या देवांत एका देवाचं नाव जवळपास असंच आहे म्हणे. त्यानं छातीवर हात ठेवला. "मला वाटलंच होतं."

पुढच्या वर्षी रेकॉर्ड निघाली. नऊ गाणी, आणि नववं हे. कंपनीच्या पत्रकात छापून आलं की तानिया मोरेनं आपल्या आजीकडून आलेली, विस्मृतीत गेलेल्या भाषेतली एक प्राचीन प्रार्थना सालसात आणली आहे. त्या विस्मृतीत गेलेल्या भाषेत तिची आई रोज वॉटफर्डच्या भाजीवाल्याला नावं ठेवत होती. पण ते पत्रक लिहिणाऱ्याला काय माहीत, आणि जिला माहीत होतं ती गप्प बसली.

नववं गाणं रेडिओवर वाजू लागलं. उन्हाळ्यातल्या जत्रांना, मैदानांत, तंबूंत हजारो गोरी माणसं हात वर करून "लाक्ष कुते" ओरडायची. रॉटरडॅम झालं, बार्सिलोना झालं. एव्हेलिओनं मिनीकॅब विकली. बँडमधल्या एकानं लग्न केलं, एकानं घर घेतलं. सगळ्यांची पोटं त्या करपलेल्या भातावर भरू लागली. आणि एव्हेलिओ फोन उचलला की हॅलोच्या जागी "आगान तानू" म्हणू लागला, आपल्याकडे काही घरांत देवाचं नाव घेतात तसा. तो बिचारा भक्तिभावानं माझंच नाव मलाच ऐकवतो, हे मनात येऊन तनूला दर फोनला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लोकप्रिय माणसाची लाज मोठी वाईट. लपवायला जागाच उरत नाही. ब्रायटनला कार्यक्रमानंतर ती सीडींवर सह्या करत बसली होती, तर रांगेत एक बाई आली. हिंजवडीच्या कंपनीनं वर्षभरासाठी प्रोजेक्टवर पाठवलेली, नाव अर्चना. सीडी पुढं करून ती हसून हसून लाल झाली होती.

"अहो ताई, तुम्ही मराठी? मला तर विश्वासच बसेना! भात करपला म्हणजे काय, अगदी आमच्या घरातलं! फक्त करपली नाही हो, करपला."

शेजारी कंपनीचा माणूस उभा होता. मागं एव्हेलिओ माइकच्या वायरी गुंडाळत होता. तनूनं मान वर केली, डोळ्यांत ओळख येऊ दिली नाही, आणि इंग्रजीत, तेही ओढूनताणून आणलेल्या स्पॅनिश हेलात म्हणाली, "सॉरी, माय लव्ह? नाव काय लिहू?"

अर्चनाचं हसू जागच्या जागी विझलं. तिनं नाव सांगितलं, सही घेतली, थँक्यू म्हणून गेली. तनूच्या कानशिलांना आग लागली होती. पुढच्या दहा-बारा सीडींवर तिनं काय नाव लिहिलं ते तिला आठवत नाही.

आणि आई? आईला कार्यक्रमाला कधी नेलं नव्हतं. "आई, तिथे खूप स्मोक असतो, आणि गाणी सगळे स्पॅनिश असतात. तुला बोअर होईल," तनू सांगायची. मधुमती पिनरच्या मैत्रिणींना अभिमानानं सांगायची, "आमची तनू स्पॅनिशमध्ये गाते. मला काही कळत नाही, पण लोकांना आवडतं." रेकॉर्ड निघाल्यावर ती हवीच म्हणून हटून बसली. मग तनूनं आपल्या कॉम्प्युटरवर आईसाठी वेगळी सीडी बर्न केली, आठ गाण्यांची. नववं गाळलं. वर छापील कव्हर घातलं आणि आईच्या हातात दिली. आईनं ती देवापुढं ठेवून मग लावली. सख्ख्या आईला गाळीव सीडी देणारी मुलगी! पण दिली.

दोन हजार सहा उजाडलं आणि मेचेला कॅन्सर निघाला. निघाला तोच पसरलेला. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. मधुमतीला हे कळल्यावर तिनं डबा भरला. मऊ भात, वर साजूक तूप, चिमूटभर मेतकूट. ती मेचेला पूर्वी एकदाच भेटली होती, पण आजारी माणसाला बघायला जायला ओळख कशाला लागते, असं तिचं म्हणणं. एप्रिलभर तनू बँडबरोबर जर्मनीत होती. तेवढ्या काळात मधुमती दर बुधवारी मेट्रोपॉलिटन लाइननं वेम्बली पार्क, तिथून ज्युबिली लाइननं किलबर्न, असा डबा पोचवायला लागली. दोघींचं इंग्रजी जेमतेम. तरी जमलं त्यांचं.

तनू परत आली तेव्हा मेचे उशांना टेकून बसली होती, निम्मी उरली होती. एव्हेलिओ तिचा हात धरून तिच्याबरोबर काहीतरी पुटपुटत होता. तनू दारातच थबकली.

"आगान तानू, बात कार्पाली," एव्हेलिओ म्हणत होता. "गास बांदकार."

"लाक्ष कुते," मेचे म्हणत होती, डोळे मिटून.

"रोज म्हणतो आम्ही," एव्हेलिओनं सांगितलं. "सकाळी आणि झोपताना. तुझ्या आजीचे उपकार." आणि तो औषध आणायला आत गेला.

तनूला वाटलं, जमीन दुभंगावी. मेचेनं डोळे उघडले. "मुली," ती म्हणाली, "इतके महिने म्हणते आहे, पण अर्थ कधी विचारला नाही. काय अर्थ आहे ग त्याचा?"

खोलीत दोघीच होत्या. एव्हेलिओ नव्हता, बँड नव्हता, कंपनी नव्हती. सांगायला याहून सोपी वेळ देवानं दिली नसती.

"चुलीतल्या अग्नीला सांगतात," तनू म्हणाली, आणि शब्द आपोआप एकापुढं एक येऊ लागले, "की आता शांत हो. घरातल्या माणसांना सांभाळ. मग विचारतात, आमच्याकडे लक्ष आहे ना तुझं?"

मेचेनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग हसली. "सुंदर आहे," ती म्हणाली, आणि तनूच्या हातावर थोपटलं.

आयुष्यात पहिल्यांदा तनूनं जागच्या जागी रचून काही म्हटलं होतं, आणि ते हे खोटं. जिना उतरताना तिला स्वतःची इतकी किळस आली की ती कठड्याला धरून उभी राहिली.

त्याच आठवड्यात आईनं भाजी निवडता निवडता सहज विचारलं, "काय गं तनू, कव्हरवर नऊ गाणी लिहिलीयेत. माझ्या सीडीत आठच कशी?"

"प्रिंटिंग मिस्टेक असेल, आई."

"असं होय," मधुमती म्हणाली, आणि कोथिंबिरीच्या काड्या बाजूला करत राहिली.

मेचे जूनमध्ये गेली. एव्हेलिओनं फोन केला तेव्हा हॅलो म्हटलं नाही, आगान तानूही म्हटलं नाही. नुसतं म्हणाला, "तिला निरोप द्यायला तू ती प्रार्थना म्हणायची आहेस. दुसरं काही नको. ती तेच ऐकत गेली."

तनू रात्रभर जागी राहिली. प्रार्थना नाही म्हणायची, दुसरं काहीतरी गायचं, एव्हेलिओला सांगायचं की घसा बसलाय, असं तिनं ठरवलं. सकाळी आई पांढरी साडी नेसून तयार होऊन बसली होती.

"आई, तू कशाला? खूप लांब आहे."

"लांब कसलं? दर बुधवारी जात होते की. माणूस गेलंय, जायला नको?"

झालं. आता ती प्रार्थना ऐकायला साऱ्या जगातलं एकच माणूस नको होतं, आणि तेच शेजारी बसून ट्रेनमध्ये चष्मा पुसत होतं.

क्रेमेटोरियमच्या हॉलमध्ये सगळे काळ्या कपड्यांत, त्यात मधुमतीची एकटीची पांढरी साडी, दुसऱ्या रांगेत. पाद्री बोलून झाला. बँडवाले उभे राहिले. एकानं त्या दोन लाकडी दांड्या हातात घेतल्या. एव्हेलिओनं तनूकडं बघितलं. तनूनं घशाला हात लावून मान हलवली. एव्हेलिओला काय वाटलं देव जाणे, त्याला वाटलं असेल पोरीला हुंदका आवरत नाही. तो स्वतःच शवपेटीजवळ गेला, तिच्यावर तळवा टेकवला, आणि फाटक्या आवाजात त्यानं हाक दिली:

"आगान तानू!"

दुसऱ्या रांगेत मधुमतीनं मान वर केली.

"बात कार्पाली!"

दांड्या वाजू लागल्या. बँड म्हणू लागला, "लाक्ष कुते, लाक्ष कुते." एव्हेलिओचा आवाज दुसऱ्याच ओळीला फुटला. सगळे तनूकडं बघू लागले. आता गप्प राहणं म्हणजे त्या म्हाताऱ्याला त्याच्या बायकोच्या पेटीजवळ एकटं टाकणं. तनू पुढं झाली आणि गायली. समोर मेचेची पेटी, पडदा हळूहळू सरकतोय, पलीकडं भट्टी, आणि ही गातेय भात करपली, गॅस बंद कर. गॅस हा शब्द तर इंग्रजीच. चार वर्षांत कोणाच्या ध्यानात आला नव्हता. प्रार्थनेत गॅस असेल अशी शंका कोणाला येणार? आज तो शब्द तोंडातून काढताना तिला वाटलं, आत्ता कोणीतरी उठेल आणि मुस्कटात मारेल. कोणी उठलं नाही. माणसं रडत होती. आईकडं बघायची तिची छाती झाली नाही.

नंतर किलबर्नच्या घरी सगळे जमले. कॉफी फिरत होती. एव्हेलिओ माणसांतून वाट काढत मधुमतीकडं आला आणि त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. तनू धावतच तिथं पोचली, पण उशीर झाला होता.

"सेन्योरा," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ती तुमच्या आईची प्रार्थना. ती माझ्या मेचेला अलगद घेऊन गेली. तुमच्या घरी ती रोज म्हणायचे का?"

मधुमतीनं तनूकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती थांबली होती. खोलीत इतकी माणसं, आणि तनूला फक्त आपल्या आईचं ते थांबणं ऐकू येत होतं. तिनं टेबलावरचा कॉफीचा रिकामा कप उचलला.

"हो," शेवटी मधुमती एव्हेलिओला म्हणाली. "रोज संध्याकाळी. मीच म्हणायचे."

एव्हेलिओनं तिच्या हातांवर कपाळ टेकलं. तनूची सुटका झाली. आणि सुटका झाली म्हणून आपल्याला बरं वाटलं, हे जाणवून तिला मान वर करवेना.

परतीच्या वाटेवर दोघी वेम्बली पार्कला गाडी बदलून बसल्या. हॅरो गेलं. मग मधुमती म्हणाली, "करपला. भात करपला. चार वर्षं गावोगाव चुकीचं मराठी गात फिरलीस."

"आई, मी..."

"मेचेनं पहिल्याच बुधवारी म्हणून दाखवलं मला. करपली म्हटल्याबरोबर ओळखलं मी. असं बोलणारं माणूस माझ्या ओळखीचं एकच आहे." मधुमती खिडकीतून बाहेर बघत होती. "तिला सांगितलं, राइस बर्न्ट, टर्न ऑफ द गॅस. इतक्या हसलो आम्ही दोघी, तिला ठसका लागला. क्यूबात म्हणे खालची खरवड मुद्दाम ठेवतात. घरधन्याला वाढतात."

तनूला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. "पहिल्या बुधवारी? म्हणजे तिनं मला विचारला तेव्हा..."

"तेव्हा तिला माहीत होतं. म्हणून तर विचारलं. त्या संध्याकाळी मला फोन केला तिनं. मधू, पोरीनं फार सुंदर गोष्ट रचली, म्हणाली. आज नाही सांगितलं, उद्या सांगेल. तू तिला काही बोलू नकोस, तिचं तिला सांगू दे." मधुमतीनं पदरानं नाक पुसलं. "शेवटच्या बुधवारीसुद्धा तेच. उद्या सांगेल. वाट बघत गेली ती."

पिनर आलं. दारं उघडली, माणसं उतरली, दारं मिटली. तनू दोन्ही हातांत तोंड लपवून बसली होती. समोरचा मुलगा तिच्याकडं बघत होता, त्याची तिला पर्वा नव्हती.

"एव्हेलिओला माहीत आहे?"

"त्याला नाही. तो श्रद्धेनं म्हणायचा, म्हणून ती त्याच्याबरोबर म्हणायची. मला म्हणाली, प्रार्थना म्हटली की मला भूक लागते." मधुमती जराशी हसली. नॉर्थवुड गेलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला भाताचं काही वाटलं नाही गं. माझं ओरडणं तू जगाला ऐकवलंस, लोक त्यावर नाचले, मला तर अभिमानच वाटला असता. पण मी असलेलं एकच गाणं, आणि नेमकं तेवढं मला दिलं नाहीस."

"माझी चूक झाला, आई," तनू म्हणाली.

एरवी आईनं ते सुधारलं असतं. या वेळी तसंच राहू दिलं.

घरी आल्यावर मधुमतीनं आंघोळ केली, भात लावला आणि गॅसजवळ स्टूल ओढून बसली. तनूनं दारात उभ्या असलेल्या मोटारीतून खरी सीडी आणून टेबलावर ठेवली. मधुमतीनं तिच्याकडं बघितलं, पण हात लावला नाही. "आधी ते," ती म्हणाली, आणि फोनकडं बोट केलं. "मी झाकलं ते मेचेसाठी. तुझ्यासाठी परत झाकणार नाही."

तनूनं नंबर फिरवला. बराच वेळ घंटी वाजली. मग पलीकडून आवाज आला, थकलेला, रडून बसलेला, पण सवयीनं तेच म्हणाला:

"आगान तानू."

"ओ," तनू म्हणाली.

हे उत्तर त्याला नवीन होतं.

"एव्हेलिओ, ते कोणा देवाचं नाव नाही. माझं आहे. तनू. माझी आई मला हाक मारायची, तीच ही हाक आहे," ती म्हणाली, आणि श्वास घेतला. पुढचं सांगायला तिच्याकडं पाठ केलेली एकही ओळ नव्हती.